पुण्याच्या पावसाळी शर्यती आणि पोलादपूरच्या मनिऑर्डरी

पोलादपूरचा आषाढ ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पाऊस म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी ढग अडतात, सावित्रीचे पाणी गढूळ होऊन चढू लागते आणि महाडच्या बाजारपेठेतील दुकानदार आपला माल वरच्या फळ्यांवर हलवू लागतात. २००५ आणि २०२१ या दोन वर्षांच्या जुलै महिन्यांनी या परिसराला जे दाखविले ते येथील घराघरांत अजून ताजे आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस या खोऱ्यात कोसळतो. वर महाबळेश्वरी त्याच्या जवळजवळ दुप्पट. परंतु तेच ढग सह्याद्री ओलांडून पुण्यास पोहोचेपर्यंत बहुतांशी रिते झालेले असतात. पुण्याच्या वाट्यास वर्षभरात जेमतेम सातशे मिलिमीटर येतो.

या एका फरकाने पश्चिम महाराष्ट्राचा बराच इतिहास घडविला आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर जून ते ऑक्टोबर पुण्यास मुक्काम हलवीत असे, त्याच्यामागोमाग सचिवालय, सैन्याचे अधिकारी, संस्थानिक आणि मुंबईचे धनिक हलत. आणि त्यांच्यामागोमाग घोडे हलत. आज जिला आपण पुण्याची रेस म्हणतो तिचा जन्म असा पावसाच्या सावलीत झाला.

एका धर्मगुरूने घोड्यांच्या शर्यतींवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. मी आयुष्यात एकदाही रेसकोर्सवर पैसे लावलेले नाहीत, हे आधीच नमूद करतो. मात्र आपल्या सणाच्या जत्रेतील सोडतीची तिकिटे मी स्वतः खपविली आहेत आणि हौजीचे आकडेही पुकारले आहेत. त्यामुळे फार सोवळेपणाचा आव आणणे मला शोभणार नाही. या विषयाकडे मी वळलो तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतील वहीमुळे. त्या वहीकडे येण्यापूर्वी थोडा मागचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

मुंबईत शर्यतींची रीतसर संस्था स्थापन झाली ती १८०२ साली. प्रारंभीचे मैदान भायखळ्यास होते. त्या काळी धावणारे घोडे मुख्यत्वे अरबी असत. बसरा व इराणी आखातातील बंदरांतून ते गलबतांनी मुंबईस उतरत आणि व्यापाऱ्यांच्या तबेल्यांतून सैन्याला व शौकिनांना विकले जात. पुढे शहर वाढले, भायखळा गजबजला आणि १८८३ साली मैदान महालक्ष्मीच्या सखल जागेत गेले. पुण्याच्या छावणीतील मैदान त्याच्याही आधीचे, १८३० च्या सुमाराचे. १९३५ साली संस्थेच्या नावामागे ‘रॉयल’ हे बिरुद लागले आणि ती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाली. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई आणि जुलै ते ऑक्टोबर पुणे, ही विभागणी पावसाने ठरवून दिलेली आहे. महालक्ष्मीची जमीन पावसाळ्यात घोडा पेलू शकत नाही.

१ जून १९३० रोजी सुरू झालेली ‘दख्खनची राणी’ आपण सारे नोकरदारांची गाडी म्हणून ओळखतो. पण प्रारंभी ती शनिवार-रविवारची गाडी होती आणि मुंबईच्या शौकिनांना पुण्याच्या शर्यतींना नेणे हा तिच्या हेतूंपैकी एक होता. १९४३ साली महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली. ती बडोद्याच्या राजघराण्याच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. येथवरचा इतिहास राजेरजवाड्यांचा आहे आणि तो पुष्कळांनी लिहिला आहे. मैदानाच्या स्वस्त तिकिटाच्या आवारात उभ्या राहणाऱ्यांचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला नाही.

महालक्ष्मीच्या मैदानाला लागूनच गिरणगाव. लोअर परळ, वरळी, करी रोड येथील चाळींतून कोकणातील माणसे दाटीवाटीने राहत. महाड-पोलादपूरचा तरुण दहा-पंधरा जणांच्या गाळ्यात पथारी टाकी, खाणावळीत जेवी, पाळीवर जाई आणि महिन्याला घरी मनिऑर्डर करी. रविवारी कानावर येई ती भोंग्याऐवजी मैदानावरची आरोळी. एवढ्या जवळ चाललेला खेळ पाहावासा वाटणे यात मला काही अस्वाभाविक दिसत नाही.

त्या वाडीतील आबा अशांपैकीच एक. गिरणीत ते साचे चालवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर पुष्कळांप्रमाणे तेही गावी परतले ते कायमचे. एका परिचित शिक्षकांच्या ओळखीने मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. मी गेलो होतो गिरणीच्या आठवणी ऐकायला. त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून काढली ती जाड पुठ्ठ्याची वही. १९६४ ते १९७९ या काळातील शर्यतींची टिपणे. पेन्सिलीचे बारीक, एकसारखे अक्षर. मी पाने चाळू लागलो तसे ते म्हणाले, “फादर, लोक म्हणायचे नशीब. नशीब कसलं? बघायचं असतं.”

काय बघायचे असते, हे समजून घेण्यात माझ्या त्या दिवसाची सारी दुपार गेली, आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही.

घोड्याची परीक्षा ही आपल्याकडे फार जुनी विद्या आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या परंपरेत घोड्याचे वर्ण, दात, चाल आणि विशेषतः अंगावरील केसांचे भोवरे यांचा तपशीलवार विचार केलेला आढळतो. मराठी शिलेदार घोडा विकत घेताना भोवरे पाहिल्यावाचून राहत नसे. देवमण हा भोवरा शुभ. चारही पाय व तोंडावर पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा भाग्याचा. काही भोवरे असे की फुकट मिळाला तरी तो घोडा दारात बांधू नये. मात्र ही परीक्षा घोड्याच्या वेगाची नव्हती, मालकाच्या दैवाची होती. घोडा लाभेल का, हा प्रश्न तिच्यात होता. तो इतर नऊ घोड्यांपुढे धावेल का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे शास्त्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्ये तयार झाले. १७९१ साली तेथे घोड्यांच्या वंशावळीचे पहिले पुस्तक निघाले. पुढे रूस नावाच्या एका आरमारी अधिकाऱ्याने कोणत्या वयाच्या घोड्याने कोणत्या महिन्यात, किती अंतरावर किती वजन वाहावे याचे कोष्टक बसविले. हे कोष्टक, थोड्याफार फेरफाराने, आजही चालते.

वजन ही या खेळाची किल्ली आहे. सर्वोत्तम घोडाच नेहमी जिंकू लागला तर कोणी पैसे लावणार नाही. म्हणून क्लबचा अधिकारी प्रत्येक घोड्याला त्याच्या आजवरच्या कामगिरीवरून गुण देतो आणि अधिक गुणांच्या घोड्यावर अधिक वजन चढवितो. आज आपल्याकडे एका गुणाला अर्धा किलो असा हिशेब आहे, आणि गुणांप्रमाणे घोड्यांचे पाच वर्ग आहेत. वीस ते सेहेचाळीस गुणांचे घोडे चौथ्या वर्गात धावतात. म्हणजे त्यातील सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या घोड्याच्या पाठीवर तेरा किलोंचा फरक पडतो. तत्त्वतः सारे घोडे एकाच क्षणी रेषेवर पोहोचावेत अशी ही रचना. तेव्हा जिंकणारा घोडा निवडणे म्हणजे मुळात त्या अधिकाऱ्याची चूक शोधणे होय. मागच्या खेपेस कोणता घोडा कोंडीत सापडला, कोणाला स्वाराने पुरते हाकलेच नाही, कोण दीर्घ विश्रांतीनंतर धावल्यामुळे शेवटी दमला, कोणाचा बाप लांब पल्ल्याचा होता पण त्याला आजवर आखूड पल्ल्यातच धावविले गेले. अशा घोड्यांच्या नावावर कमी गुण लागलेले असतात आणि त्यांचे खरे बळ झाकलेले राहते.

आबांच्या वहीत याच गोष्टी होत्या. तारीख, घोड्याचे नाव, वजन, स्वार, पल्ला, कितवा आला, किती लांबीने. स्वारांत पांडू खाडे यांचे नाव ते अजूनही विशेष आदराने घेत. परदेशी जॉकींचा बोलबाला असण्याच्या काळात एक मराठी माणूस त्यांच्या बरोबरीने, आणि पुष्कळदा त्यांच्या पुढे, धावला याचा अभिमान त्या आवारातल्या गिरणी कामगारांना किती असेल याची कल्पना करता येते.

सर्वांत लक्षवेधी रकाना मात्र ‘जमीन’ असा होता. त्यात तीनच शब्द आलटून पालटून येत: सुकी, ओली, चिखल. मुंबईच्या हंगामात हा रकाना कोरडा. पानेच्या पाने ‘सुकी’. पुण्याचा हंगाम आला की तो बोलू लागतो.

हिरवळीवर पाऊस पडला की शर्यतीचे सारे गणित बदलते. ओली माती खुराला धरून ठेवते. प्रत्येक ढांगेला घोड्याला अधिक जोर लावावा लागतो, म्हणून बाराशे मीटरची शर्यत चौदाशेची असल्यासारखी अंगावर येते आणि लांब पल्ल्याच्या रक्ताचा घोडा वर येतो. जमिनीलगत लांब, सपाट ढांग टाकणारा घोडा कोरड्या मैदानावर देखणा दिसतो, पण चिखलात घसरतो. गुडघा उंच उचलून खूर सरळ खाली टाकणारा, कोरड्यात ओबडधोबड वाटणारा घोडा तेथे तरून जातो. दिवसाच्या पहिल्या शर्यतीनंतर आतल्या कठड्याजवळची हिरवळ तुडवून उखडली जाते. मग जाणता स्वार जवळचा रस्ता सोडून घोडा बाहेरून काढतो आणि आतल्या बाजूच्या फाटकातून सुटणाऱ्याचा एरवीचा फायदा तोट्यात जमा होतो. पुढच्या घोड्यांच्या खुरांतून उडणारे चिखलाचे गोळे तोंडावर बसले की काही घोडे मान टाकतात. म्हणून पावसात पहिल्यापासून पुढे राहणाऱ्याला थोडे झुकते माप द्यावे. जड वजन चिखलात अधिकच जड होते. पूर्वी ही जमीन काठीचे टोक रोवून किंवा टाच दाबून अजमावीत. आता ठरावीक वजनाच्या आघाताने सळई किती रुतते हे मोजणारे पेनेट्रोमीटर नावाचे साधन असते आणि त्याचा आकडा शर्यतीआधी जाहीर होतो. आबांपाशी यातले काहीच नव्हते. पुण्याची शर्यत ते पाहूही शकत नसत. ते वर्तमानपत्रातील पावसाचे आकडे उतरवून ठेवीत आणि शनिवारी रात्री घाटातून आलेल्या गाडीवाल्याला विचारीत, “पुण्यात कसा आहे?”

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. परदेशांत पावसाची ही अडचण दूर करण्यासाठी कृत्रिम धावपट्ट्या निघाल्या. इंग्लंडमध्ये लिंगफिल्ड येथे ३० ऑक्टोबर १९८९ रोजी अशा पट्टीवर पहिल्यांदा शर्यती झाल्या. वाळू व कृत्रिम तंतू यांच्या मिश्रणातून पाणी झिरपून जाते आणि बारा महिने जमीन जवळजवळ सारखी राहते. तेथील जाणकाराला आकाशाकडे पाहावे लागत नाही. मागची वेळ आणि आजची वेळ सरळ ताडून पाहता येते. आपल्याकडे मुख्य शर्यती हिरवळीवरच होतात. पुण्यात अतिवृष्टीने शर्यती रद्द होतात, घोड्यांचे डाव उलटतात. आबांना मी त्या कृत्रिम पट्टीविषयी सांगितले तेव्हा त्यांनी थोडा वेळ विचार केला व म्हणाले, “मग त्यात कळायचं काय राहिलं?”

ही विद्या आहे की जुगार, हा प्रश्न न्यायालयापुढेही गेला होता. मुंबईचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. त्यात परवाना असलेल्या रेसकोर्सच्या आवारात लावलेल्या पैशाला सूट होती. परवान्याचा कायदा १९१२ साली आला. मद्रासकडे मात्र सरकारने शर्यतींवर बंदी आणू पाहिली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात जानेवारी १९९६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की घोड्यांची शर्यत ही प्रामुख्याने कौशल्याची बाब आहे; वंश, तयारी, स्वार, वजन यांचा अभ्यास करून तर्क करता येतो, म्हणून ती निव्वळ दैवाच्या खेळात मोडत नाही. वही पाहिल्यानंतर हा निर्णय मला मान्य करावा लागतो. आबा जुगारी वृत्तीचे गृहस्थ नव्हते. संधी मिळती तर ते उत्तम संशोधक झाले असते.

मग ते हरले का?

ते हरले होते, हे मला बेरीज केल्यावर कळले. त्यांनी स्वतः ती कधी केली नव्हती. वही मी त्यांच्या परवानगीने घरी आणली व तीन रात्री बसून रकाने जुळविले. जगभरचा अनुभव असा की लोकांच्या सर्वाधिक पसंतीचा घोडा साधारण तीन शर्यतींतून एक जिंकतो. आबांची निवड त्याहून थोडी सरस होती. तरीही लावलेल्या दर शंभर रुपयांमागे त्यांच्या हाती ऐंशी-पंच्याऐंशीच परत आले होते.

याचे कारण घोड्यांत नाही, पैशाच्या रचनेत आहे. १८६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने अशी पद्धत काढली की सर्वांचे पैसे एका राशीत जमा करावेत, त्यातून चालकाचा वाटा आधी काढून घ्यावा आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटावी. ही रास आपोआप मोजणारे यंत्र जॉर्ज ज्यूलियस या अभियंत्याने बनविले व ते १९१३ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे प्रथम बसले. हे ज्यूलियस एका अँग्लिकन बिशपांचे चिरंजीव. मूळ यंत्र त्यांनी मतमोजणीसाठी कल्पिले होते. सरकारने ते नाकारले म्हणून ते रेसकोर्सवर गेले. (बिशपमहाराजांना काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.) आता समजा, शंभर जणांनी दहा-दहा रुपये लावले आणि हजारांतून दोनशे आधीच निघाले. उरलेल्या आठशेंसाठी शंभर जण झुंजतात. त्यांत तुम्ही एकटेच जाणते असाल तर ठीक. पण शेजारचाही वही घेऊन उभा असतो. ज्या घोड्याचे गुण तुम्हाला दिसले ते त्यालाही दिसलेले असतात, आणि त्या घोड्यावर पैसा जमून त्याचा भाव उतरतो. तेव्हा केवळ बरोबर असून भागत नाही. इतरांपेक्षा चौथ्या हिश्शाने अधिक बरोबर असावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे. बुकीच्या भावातही हीच कपात दडलेली असते. एका शर्यतीतील सर्व घोड्यांच्या भावांवरून त्यांच्या जिंकण्याच्या शक्यता काढून बेरीज केली तर ती शंभर भरायला हवी. ती नेहमी शंभरावर भरते. तेवढा वरचा भाग त्याचा.

सरकारही यात मागे नव्हते. मुंबई इलाख्यात शर्यतींच्या पैजांवर कर बसविण्याचा कायदा १९२५ चा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या संपूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो चाळीस टक्के झाला. महालक्ष्मीच्या मैदानाचेही आता विभाजन ठरले आहे. २०२४ च्या करारानुसार एकशेवीस एकर उद्यानासाठी महापालिकेकडे आणि एक्याण्णव एकर भाडेपट्ट्याने क्लबकडे. हे सारे आबांच्या काळानंतरचे. त्यांचा पुण्याचा पैसा तर चाळीच्या तोंडाशी बसणाऱ्या बुकीकडे जाई. तो व्यवहार उघडउघड बेकायदेशीर होता.

आपल्या धर्मशिक्षणात याविषयी फार कडक शब्द नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खेळ आणि पैज या स्वतः अन्यायकारक नाहीत, असेच चर्च म्हणते. त्या अन्यायकारक होतात त्या माणसाच्या वा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या गरजेचा घास काढून घेतात तेव्हा. हे वाक्य मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. ते मला कळले वही परत द्यायला गेलो त्या दिवशी.

आबा बाहेर ओसरीवर झोपले होते. वही आजींच्या हाती दिली. त्या लिहिता-वाचता येत नसलेल्या बाई. त्यांनी वही उघडली नाही, विचारले, “यात पावसाळ्याचं पण लिहिलंय का?” मी होय म्हणालो. तेव्हा त्यांनी आतून एक लोखंडी तार आणली. तिच्यात मनिऑर्डरींची कुपने टोचलेली होती. पोस्टमन पैसे देताना फाडून देई ते खालचे तुकडे. सगळी, पहिल्यापासूनची. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर वरी-नाचणी आणि खाली भात. लावणीला मजूर लागतात, रोख लागते, आणि नवे धान्य हाती यायला दसरा उजाडतो. कणगीचा तळ दिसतो तो नेमका आषाढ-श्रावणात. पुण्याचा हंगामही नेमका तेव्हाच.

आम्ही दोघांनी जमिनीवर बसून तारखा लावल्या. मी कुपनावरचा शिक्का वाचीत होतो, वहीतले पान काढीत होतो आणि आजी बोटांवर महिने मोजीत होत्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, कुपने नियमित होती. मुंबईचा हंगाम आबांनी स्वतः मैदानावर उभे राहून, खिशात असेल तेवढ्यावर खेळला होता. जुलैपासून कुपनांतील अंतर वाढत गेले. १९६८ च्या ऑगस्टचे कुपन नव्हतेच. वहीत त्या महिन्यात अकरा नोंदी होत्या, अकराही ठिकाणी जमीन ‘चिखल’, आणि त्यांतील चार घोडे पहिले आलेले.

“त्या साली मी गळ्यातली डोरली सोडून बाकी मोडलं,” आजी म्हणाल्या. “यांना सांगितलं नाही कधी. यांनीही विचारलं नाही.” मग ओसरीकडे पाहून आवाज खाली आणीत त्यांनी विचारले, “चार पहिले आले म्हणता?”

मी मान हलविली. त्यांनी कुपने एकेक करून पुन्हा तारेत टोचली, तारखांच्या क्रमाने नव्हे, हाताला येतील तशी, आणि तार होती त्या खुंटीला अडकविली.